बाणातला ण

आमच्या घरातली तुरीची डाळ शिजायची का कच्ची राहायची, हे मी ठरवायचे. माय कुकर लावून अंगणात भांडे घासायला बसायची अन् कान आत ठेवायची. चार शिट्ट्या झाल्या की पळत येऊन गॅस बंद. मी न्हाणीमागं उभी राहून त्यातल्या दोन शिट्ट्या माझ्या पदरच्या टाकायचे. नुसती फूऽ करून कुणीबी शिट्टी मारंल. कुकर आधी दम खातो, झाकणावरचं वजन खडखडतं, मग सूं सूं वाढत जातं अन् शिट्टी निघून एकदम गळा दाबल्यासारखी तुटते. ते सगळं मी तब्येतीनं करायचे. जेवायला बसलं की भाकरीवर घेतलेल्या वरणात दाणे कराकरा लागायचे. दादा, म्हणजे माझे वडील, नांदेडला रेल्वेच्या हापिसात शिपाई होते. लई थंड माणूस. ते ताटाकडं बघून म्हणायचे, आज डाळ नुसती पोहून आलीय वाटतं. मायनं कुकरचा रबर बदलला, शिट्टी बदलली, किराणावाल्याशी भांडून आली. शेवटी एक दिवस सिलिंडर मधीच संपला. माय आत येऊन गार कुकरापुढं उभी राहिली अन् तेवढ्यात तिसरी शिट्टी वाजली, तीबी न्हाणीकडून. ती मागं आली तेव्हा माझं तोंड अजून शिट्टीच्याच आकारात होतं.

मार बसला, पण अर्धाच. अर्ध्यातून मायला हसू फुटलं. त्या दिवशी वरण न्हाई, भाजल्या डाळींच्या पिठाची, येसराची आमटी झाली, शेजारच्या चुलीवर. दादांनी हा किस्सा हापिसात सांगितला, मग विहारात सांगितला, अन् मग रविवारी वंदना झाली की कुणीतरी मला बाजूला घेऊन म्हणायचं, कुकर करून दाखव गं. मी कुकर करायचे, फोडणी करायचे, मिक्सरात अडकलेलं खोबरं करायचे. आज माझ्या टेबलावर भोपू, पिपाण्या, साबणाच्या फुग्यांची बाटली अन् लहान आरसा असा पसारा बघून नवीन पेशंटचे नातेवाईक दारातच थबकतात. चुकून पाळणाघरात आलो का काय, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. त्यांना कुठून सांगू, हे दुकान न्हाणीमागं उघडलेलं आहे म्हणून.

आमचं अर्धापूर केळीचं गाव. माय केळीच्या पॅकिंगला जायची. पत्र्याचं शेड, पाण्याचे मोठे हौद, त्यात केळीच्या फण्या धुवायच्या, पुसायच्या अन् खोक्यात भरायच्या. शेडची अन् आमच्या शाळेची भिंत एकच. त्यामुळं आमचं सगळं शिक्षण खोक्याला चिकटपट्टी लावायच्या चर्रर आवाजात झालं. अन् मधल्या सुट्टीला घंटा वाजायच्या आधी भिंतीपलीकडून मायची हाक यायची. "करुनेऽऽ". त्यातला 'ने' पतंगासारखा वर जायचा, तिथं थोडा डुलायचा, अन् हळूच खाली यायचा. डबा घ्यायला ये, असा त्याचा अर्थ. शाळेतले पोरं ती हाक ऐकूनच दप्तरं मिटायचे. शिपाईमामा तर म्हणायचे, घंटा बिघडली तरी चालंल, करुनाची माय बिघडायला नको.

माझं नाव करुणा. दादांनी विहारात ऐकून हौसेनं ठेवलेलं. पण घरात मी करुना, मायच्या तोंडी करुने, अन् गल्लीत करुनी. माझ्या नावात ण आहे हे मला पाचवीपर्यंत ठाऊकच नव्हतं. पाचवीला आम्हाला मराठी शिकवायला देगलूरकडून बदलून एक सर आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, अन् बोलायच्या आधी घसा साफ करायची सवय. त्यांनी पहिल्या दिवशी हजेरी घेतली. "करुणा" म्हणाले. ण असा जोरात, टाळूवर हातोडी मारल्यासारखा. मी मागं वळून बघितलं, कोण नवीन पोरगी आलीय म्हणून. दुसऱ्या दिवशी बी तसंच. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, ही करुणा शाळेत येतच न्हाई, घरी कुणाला तरी पाठवा. अन् मी मोठ्या हौसेनं हात वर केला, मी जाते सर निरोप घेऊन.

वर्ग असा हसला की शेडमधली चिकटपट्टी थांबली.

सरांना ण चं वेड होतं. आमच्याकडं ण कुणीच वापरत न्हाई. आम्ही पानी पितो, कनीस खातो, लोनी लावतो, कोन आलं ते बघतो. सर घसा साफ करायचे, ख्हं, मग खडूची तीन बोटं हवेत धरायचे अन् म्हणायचे, "ख्हं. पानी नाही पोरांनो, पाणी. जीभ वर. मागं वळव. टाळूला टेकव अन् सोड." भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता. त्यात क ला कमळ, ख ला खटारा, प्रत्येक अक्षर आपापल्या चित्राच्या पुढं छाती काढून उभं. ण ला मात्र बाण, अन् ण आपला मागं, शेपटाला. सर म्हणायचे, ण नं कुठलाच शब्द सुरू होत नाही, बिचारा कायम मागं उभा राहतो, म्हणून तर तुम्ही त्याला विसरता. पोरांनी त्यांचं नावच बाण सर पाडलं. मायला मी घरी सांगितलं, पानीत न न्हाई, ण असतो, तर ती म्हणाली, "न नं काय पानी कडू लागतं का गं? का ण नं तहान जास्त भागते?" दादा म्हणाले, सरकारी कागदावर आपलं नाव दुसऱ्यानं नीट घ्यायला पाहिजे तर आधी आपल्याला घेता आलं पाहिजे. मायनं त्यांना भाकर वाढली. विषय संपला.

मी बाण सरांची नक्कल करणार हे तर चिकटपट्टीला बी माहीत होतं. एक दिवस सर उशिरा आले. मी फळ्यापाशी जाऊन उभी राहिले. दोन पेन्सिली खिशाला, तीन बोटं हवेत. जीभ वर, मागं वळव, सगळं केलं. पोरं पोटं धरून हसून राहिली होती. मग हसू पुढच्या बाकापासून मागं मागं विझत गेलं अन् मला कळलं, दारात कोण उभं असंल ते. सरांनी मारलं न्हाई. शेवटच्या बाकावर जाऊन बसले अन् म्हणाले, पुन्हा कर, पहिल्यापासून. मी रडत रडत पुन्हा केलं. सरांनी परीक्षेचा पेपर तपासावा तसं ऐकलं. मग म्हणाले, "खोकला विसरलीस. अन् माझी नक्कल करायची असंल तर माझा ण काढ. तू काढून राहिलीस तो न आहे. घरी जा, आरशात बघ, जीभ कुठं जाते."

'काढून राहिलीस' हे आमच्या बोलीतलं. सरांनी तेवढ्यापुरती माझीच नक्कल करून परतफेड केली होती, हे मला लई वर्षांनी लक्षात आलं.

मी घरी गेले, मायचा आरसा घेतला, दादांच्या बॅटरीचा उजेड तोंडात पाडला अन् पहिल्यांदा आपली जीभ बघितली. तोवर ती नुसती चव घ्यायची वस्तू होती. न म्हटलं की दाताच्या मागं बसते, ण म्हटलं की उलटी होऊन छताला चिकटते, ल ला बाजूनं हवा सोडते. मला येड लागलं. मी पुढचे चार दिवस भेटंल त्याच्या तोंडात बॅटरी मारली. दादांच्या, शेजारच्या आजीच्या, तिच्या शेळीच्या. शेळीच्या तोंडात ण कुठंच न्हाई, मी तपासून घेतलंय. पाचव्या दिवशी ण सापडला. मी वर्गात सरांपुढं उभी राहून ख्हं केलं अन् पाणी म्हणाले. सर म्हणाले, आता ही माझी नक्कल. बस खाली.

लोक मला विचारतात, या धंद्यात कशी आलीस? धंदा म्हणजे, ज्यांचं बोलणं गेलंय किंवा आलंच न्हाई, त्यांना बोलायला शिकवायचं. दवाखान्यात आम्हाला 'बोलायच्या मॅडम' म्हणतात. मी सांगते, एका माणसाची नक्कल नीट जमंना म्हणून आले.

पण मधी एक वळण आलं अन् तेच सांगायला हे प्रकरण घेतलंय. कोर्स झाल्यावर मला नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून सहा महिने काढायचे होते. तिथल्या आमच्या विभागाच्या मॅडम लातूरच्या. लातूरचा माणूस अभ्यासाच्या बाबतीत कसा असतो हे मराठवाड्यात सांगावं लागत न्हाई. ताठ मान, ताठ बोलणं, शुद्ध बोलणं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या पुढ्यात सापडले. बाहेर टोकन पुकारायचं यंत्र होतं. त्यातली बाई प्रत्येक आकड्याच्या आधी टिंगटाँग करून नाकातून बोलायची. मी चहा पिता पिता नुसती गंमत म्हणून टिंगटाँग केलं अन् एक आकडा पुकारला. किनवटहून पहाटेच्या गाडीनं आलेले एक बाबा उठले, तडक हाडाच्या डॉक्टरकडं गेले अन् कान दाखवायचा होता तर गुडघा तपासून आले. मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, हा विभाग आहे, गॅदरिंग नाही. माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, 'मी दवाखान्यात कोणाचीही व कशाचीही नक्कल करणार नाही.' खाली सही. हे मोडलं तर सहा महिन्यांचा दाखला मिळणार नव्हता. चूक माझीच होती, गुडघा बिचाऱ्याचा फुकट दाबला गेला. मी ठरवलं, आता मोठं व्हायचं. केस बांधले, आवाज खाली आणला, सरळ चालायला लागले. दादा म्हणाले, तुला बरं न्हाई का?

तीन महिने मी अशी शहाणी होते अन् त्याच दिवसांत बाण सर आले.

लकवा मारला होता. उजवा हात गेलेला, तोंड थोडं वाकडं, अन् बोलणं सगळं गेलेलं. ऐकलेलं कळायचं, पण बोलायला गेलं की एकच निघायचं, ते ते ते ते. मी फाईलवरचं नाव वाचलं, परत वाचलं. हे माझे सर आहेत, असं कुणाला सांगितलं न्हाई. शिकलेल्याप्रमाणं चित्रांची कार्डं काढली. सफरचंद. चेंडू. मांजर. सर, हे काय आहे? सरांनी सफरचंदाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, अन् डाव्या हातानं कार्डं ढकलून दिली. दुसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड. तिसऱ्या दिवशी बी भिंतच. ज्या माणसानं आयुष्यभर तक्त्यावर बोट फिरवलं, त्याला कुणीतरी मांजर विचारून राहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, पेशंट साथ देत नसंल तर आपण काय करणार, घरचे शनिवारी घेऊन जातो म्हणतात, जाऊ दे. एकदा घरी गेले की ते भिंतीकडंच बघत राहणार, हे मला दिसत होतं.

सरांची बायको, काकू, रोज डब्बा घेऊन यायच्या. देगलूरकडच्या, ठसक्याच्या बाई. सर चाळीस वर्षं गावाचा ण सुधारत हिंडले, पण घरात काकूंच्या तोंडचा न तसाच राहिला. गुरुवारी त्या माझ्याकडं टक लावून बघत म्हणाल्या, "तू अर्धापूरची ना? ह्यांची नक्कल करनारी?" मी हाव म्हणाले. वाटलं, आता ऐकावं लागंल. काकूंनी डब्ब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "घरात ह्यांचा आवाजच न्हाई गं राहिला. फोनमधी फोटो ढीगभर हायत, आवाज एक बी न्हाई. तुला येत असंल का अजून?"

मी म्हणाले, लिहून दिलंय काकू. अन् आजारी माणसासमोर त्याचीच नक्कल, बरं दिसतं का. काकू म्हणाल्या, हेच शाने ना, ज्यांनी तुला पहिल्यापासून पुन्हा करायला लावली होती. घरी येऊन आठवडाभर हसत होते.

हे मला माहीत नव्हतं. आठवडाभर.

शुक्रवारी दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. कार्डं नेली न्हाईत. खिशाला दोन पेनं लावली. काकूंना सरांना बसतं करायला लावलं, मागं उशी दिली, पाण्याचा पेला अन् चमचा घेतला. सर भिंतीकडंच. मी तीन बोटं हवेत धरली. दाखल्याची भीती होतीच, पण सरांच्या डोळ्यांची जास्त होती. त्यांना वाटलं की ही पोरगी माझ्या लकव्याला हसून राहिली, तर संपलंच. मी घसा साफ केला.

"ख्हं. पोरांनो, इकडं लक्ष द्या."

आवाज बरोबर निघाला. काकूंनी पदर तोंडाला लावला. सरांची मान वळली. हरवलेला आवाज कुणीतरी आपल्या दारात परत आणून द्यावा तसे ते बघत होते. आता पुढं बोलायचं होतं, पाणी, जीभ वर, मागं वळव. मी पेला उचलला अन् घाबरलेल्या तोंडात जे लहानपणापासून होतं तेच बाहेर आलं.

"हे काय आहे पोरांनो? पानी."

सरांच्या आवाजात, सरांच्या खोकल्यासकट, पानी. देवळात पायताण घालून जावं तशी चूक. माझी जीभच चावली गेली. मी सुधारायला तोंड उघडलं तर सरांचा डावा हात वर आला. तीन बोटं एकमेकांना चिकटली, मधी खडू असल्यासारखी. कपाळावर आठी पडली. वाकड्या तोंडात जीभ हळूहळू मागं वळताना मला दिसली, बॅटरी न लावता दिसली.

"ण," सर म्हणाले.

ते ते ते न्हाई. ण. टाळूवर हातोडी मारल्यासारखा.

काकूंनी तोंडावरचा पदर काढला. अन् दारातून आवाज आला, "पुन्हा." बघते तर मॅडम. मला वाटलं मला म्हणाल्या, चालू लाग. पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या, सरांच्या जिभेकडं बघत होत्या. म्हणाल्या, पुन्हा म्हण, चुकीचंच म्हण. मग मी सुरू झाले. लोनी. सर म्हणाले, ण. कनीस. ण. दाना. ण. शेन, वरन, जेवन. अर्धापूरचं सगळं अशुद्ध मी त्या खोलीत ओतलं अन् सर एकेक दुरुस्त करत गेले, घामानं डबडबले पण एक सोडला न्हाई. आमच्या पुस्तकांत कुठंच असा उपचार लिहिलेला न्हाई. तिथं सोप्या ओठांच्या अक्षरांपासून सुरू करा असं आहे, प फ ब. सरांचं बोलणं ज्या अक्षरापासून कुठलाच शब्द सुरू होत न्हाई, त्याच्यापासून सुरू झालं.

मॅडम इतक्या गडबडल्या की त्यांचं लातूर बाहेर आलं. मला म्हणाल्या, "हे तुला कोन शिकवलं गं?"

"ण," पलंगावरून आलं.

मॅडम लाल झाल्या. मग म्हणाल्या, "कोण, सर. चुकले."

शनिवारी सर घरी गेले न्हाईत. मॅडमनी टेबलाच्या खणातून माझा कागद काढला, त्यात 'नक्कल करणार नाही' च्या आधी एक शब्द घुसवला, 'कामाशिवाय', अन् मला त्यावर परत सही करायला लावली. तो कागद मी दाखल्यापेक्षा जपून ठेवलाय. नंतर कळलं, मॅडमना स्वतःला मांजराचे सात प्रकारचे आवाज येतात. बंद दाराआड लहान पेशंटसाठी काढायच्या अन् बाहेर येताना चष्मा नीट करायच्या. तेव्हापासून मी बी केस मोकळेच ठेवले. माझ्याकडं आता शिकायला येणाऱ्या पोरी पहिल्या दिवशी फार गंभीर असतात. मी त्यांना आरसा अन् बॅटरी देते अन् म्हणते, जा, दवाखान्यातल्या पाच जणांच्या जिभा बघून या, अन् विचारून बघा, नुसती बॅटरी मारू नका. परत येतात तेव्हा निम्म्या तरी हसत असतात. ज्या हसत न्हाईत त्यांना मी कुकर करून दाखवते.

सर पुढं लई दिवस येत होते. एकेक शब्द यायला एकेक आठवडा जायचा. 'पाणी' आलं, 'कोण' आलं, 'आणि' आलं. काही शब्द आलेच न्हाईत, सफरचंद तर शेवटपर्यंत न्हाई, अन् मला वाटतं ते मुद्दाम. एकदा माय माझ्यासोबत आली, केळीची अख्खी फणी घेऊन. सर बाकावर बसले होते. मायनं त्यांना जयभीम घातला अन् म्हणाली, सर, केळं खा, ह्याच्यात ण न्हाई, ळ हाय, तोबी मला येत न्हाई. सर हसले, अर्ध्याच तोंडानं, पण पूर्ण हसले. मग त्यांनी घसा साफ केला. ख्हं. बाहेर व्हरांड्यात गर्दी होती, टोकनवाली बाई नाकातून आकडे सांगत होती. सरांनी एकदा मायकडं बघितलं, मग मान वर करून, तुटक तुटक, पण सूर अगदी बरोबर पकडून हाक मारली.

"क... रु... नेऽऽ."

न. साधा, शेडच्या भिंतीपलीकडचा न. अन् तो 'ने' पतंगासारखा वर गेला, डुलला, हळूच खाली आला. माय हातातलं केळं विसरली. मला क्षणभर वाटलं, सर चुकले, ण निसटला, सुधारावं. मग मी त्यांचे डोळे बघितले. फळ्यापाशी उभं राहून पोरांना हसवणाऱ्या माणसाचे डोळे कसे असतात, ते माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार.

पाचवीत तीन दिवस राहिलेलं मी तेव्हा म्हणून टाकलं.

"हजर, सर."